सौम्य धक्क्यांचा इतिहास : डहाणू-तलासरीतील भूकंपग्रस्त कुटुंबे

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या भूकंप-इतिहासात कोयना (११ डिसेंबर १९६७) व किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) ही दोन नावे ठळक आहेत. दोन्ही आपत्तींना निश्चित दिवस आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांच्या आपत्तीला असा एकच दिवस नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये धुंदलवाडी परिसरात सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली व पुढेही ती अधूनमधून जाणवत राहिली.

आपत्तीचे स्वरूप :
अशा मालिकेत एक मुख्य धक्का नसतो; उथळ खोलीवर लहान धक्के वारंवार बसतात. पावसाचे पाणी बेसॉल्ट खडकाच्या भेगांत मुरून दाब वाढतो, असे एक कारण शास्त्रज्ञ मांडतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका धक्क्याची तीव्रता ४ च्या वर गेली. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका बालिकेचा मृत्यू झाला. जुलै २०१९ मध्ये भिंत कोसळून एका प्रौढाचा बळी गेला.

घर व कुटुंब :
या भागातील बहुसंख्य कुटुंबे आदिवासी, त्यांतही वारली समाज मोठा. त्यांचे पारंपरिक घर कारवीच्या कुडाचे व शेणमातीने लिंपलेले असते. वजनाने हलके असल्याने ते हादऱ्याने हलते, परंतु त्याच्या भिंतीखाली चिरडण्याचा धोका कमी असतो. शासकीय नोंदीत मात्र असे घर 'कच्चे' ठरते. उलट, भूकंपरोधक पट्ट्यांविना बांधलेल्या 'पक्क्या' विटांच्या भिंतींना तडे जातात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. मागे राहतात वृद्ध व मुले. त्या हिवाळ्यात अनेकांनी रात्री उघड्यावर काढल्या. प्रशासनाने तंबू पुरविले, शाळांचे वर्गही काही काळ बाहेर भरले. परंतु शेत, गुरे व चूल घराशीच बांधलेली असल्याने कुटुंबे दिवसा घरी परतत, भेगा लिंपत आणि पुढच्या धक्क्यानंतर पुन्हा लिंपत.

निष्कर्ष :
किल्लारीनंतर ५२ गावांचे स्थलांतर करून पुनर्वसन झाले, कारण तेथे घरे पडली होती. डहाणू-तलासरीत बहुतेक घरे उभी राहिली. केवळ त्यांच्यावरचा विश्वास ढळला. पडलेले घर हाच हानीचा मापदंड मानल्यास अशा कुटुंबांची हानी नोंदीत उतरत नाही. म्हणून येथे पुनर्वसनाचा अर्थ घर पडण्यापूर्वी त्याचे मजबुतीकरण करणे, असाच घ्यावा लागतो.