टाटा ट्रस्टचा पैसा येतो कुठून आणि गावातल्या संस्थेला तो मिळण्यासाठी काय लागतं?

शिरड शहापूर : आपल्याकडं 'टाटाला नेलंय' असं कुणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. कॅन्सर आहे हे समजून जायचं. परभणीहून रेल्वे धरायची अन् मुंबईत परळ गाठायचं. हा दवाखाना टाटा कंपनी चालवते असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तो सुरू झाला सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडं गेला आणि १९६२ पासून तो अणुऊर्जा विभागाकडं आहे. उभा केला ट्रस्टनं, चालवतंय केंद्र सरकार.

मग हा ट्रस्ट म्हणजे नेमकं काय?

टाटा घराण्याच्या दानाची सुरुवात जमशेटजींपासून. हुशार मुलांना परदेशात शिकायला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी १८९२ मध्ये निधी काढला. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन याच शिष्यवृत्तीवर शिकले. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतनजी १९१८ मध्ये वारले, त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये सर रतन टाटा ट्रस्ट झाला. थोरले दोराबजी. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यांनी आपली सगळी संपत्ती १९३२ मध्ये ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी तेही गेले. त्या संपत्तीत २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. पुढं तो विकून आलेला पैसाही ट्रस्टच्या कामी आला.

आता कळीचा मुद्दा. टाटा सन्स ही टाटा समूहाची मुख्य कंपनी. तिचे सुमारे ६६ टक्के शेअर्स टाटांच्या या ट्रस्टांकडं आहेत. आपल्याकडच्या देवस्थानच्या इनाम जमिनीसारखं समजा. कसणारा कसतो, पण उत्पन्नातला वाटा देवस्थानला जातो. तसा कंपनीच्या नफ्यातून लाभांश ट्रस्टला जातो आणि तिथून समाजकामाला. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेल्यानंतर नोएल टाटा ट्रस्टचे अध्यक्ष झाले. माणसं बदलली, पण शेअर्स ट्रस्टच्याच नावावर राहिले.

सीएसआर ही गोष्ट वेगळी, लोक दोन्हीत गल्लत करतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी कंपनीनं गाठलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. ती कायद्याची सक्ती आहे. टाटांचे ट्रस्ट त्या कायद्याच्या कितीतरी आधीचे.

ट्रस्टचे लोक प्रत्येक गावात स्वतः येत नाहीत. बरंचसं काम स्थानिक संस्थांमार्फत चालतं. आपल्या शेजारचा वाशीम धरून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत 'सुखी बळीराजा' हा उपक्रम असाच राबवला गेला. गडचिरोलीत दारू-तंबाखूविरोधी 'मुक्तिपथ' मोहीम डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून उभी केली. पैसा मोठा असला तरी गाव ओळखणारी संस्था लागतेच.

अडतं ते इथंच. आपल्या भागात वाचनालय, महिला मंडळ, गोशाळा चालवणारी चांगली माणसं कमी नाहीत. पण कागद? धर्मादाय कार्यालयात नोंदणी होऊन वीस वर्षं झालेली असतात आणि विश्वस्तांच्या यादीत निम्मी नावं वारलेल्यांची. कायद्यानं विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही तर बँकेत सहीचा घोळ, अन् देणगीदाराला पहिल्याच कागदावर शंका. ऑडिट दरवर्षी हवं, तीन वर्षांचं एकदम करू म्हणून चालत नाही. आयकर विभागाची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव आणि सीएसआरचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१ फॉर्म, जो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झाला. काम निदान तीन वर्षांचं दाखवावं लागतं. हे सगळं जमवायला सीएची फी लागते आणि लहान संस्थेला तीच जड जाते. माझ्या मते गावानं वर्गणी काढायचीच तर आधी त्या फीसाठी काढावी, मंडपाचं नंतर बघू.

आणखी एक. असा निधी बहुतेक वेळा ठरावीक वर्षांच्या प्रकल्पासाठी असतो. मुदत संपली की शिक्षिकेचा पगार, पंपाचं वीजबिल कोण भरणार, हे संस्थेनं पहिल्याच बैठकीत ग्रामसभेसमोर बोलून घ्यावं.

टाटा ट्रस्ट आजारपणासाठी व्यक्तींनाही मदत करतो. त्यासाठी ट्रस्टचं अधिकृत संकेतस्थळच पाहा. परळच्या दवाखान्यात उपचार चालू असतील तर तिथल्या समाजसेवा विभागात केसपेपर आणि रेशन कार्ड घेऊन जा. व्हॉट्सअॅपवर 'टाटांकडून दोन लाख मंजूर, आधी नोंदणी फी भरा' असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका आणि ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.