पैसा, पोलीस आणि मधलं टेबल : अमेरिकेतल्या अनुदान विश्लेषकाची गोष्ट

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की यात इतिहास कसला? अमेरिकेत मिनेसोटा, ओहायो, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांच्या सार्वजनिक सुरक्षा खात्यांत अनुदानाचं काम पाहणारी कार्यालयं आहेत. तिथे जो माणूस बसतो त्याला 'ग्रँट्स ॲनालिस्ट' म्हणतात. आपण त्याला अनुदान विश्लेषक म्हणू. पोलीस विभाग, सरकारी वकिलांची कार्यालयं, पीडित महिलांची आश्रयगृहं पैशासाठी अर्ज करतात. हा माणूस ते अर्ज वाचतो, अंदाजपत्रक तपासतो आणि मंजूर झालेला पैसा ठरल्या कामालाच लागला का, ते पाहतो. आपल्याकडे अनुदान घेणाऱ्या संस्थांना उपयोगिता प्रमाणपत्र चांगलंच ठाऊक असतं. ते मागणाऱ्या टेबलावरचा माणूस, असं समजा.

पण हे टेबल राज्याच्या राजधानीत का आहे? वॉशिंग्टनमध्ये किंवा महापौरांच्या कचेरीत का नाही? याचं उत्तर १९६८ मध्ये आहे.

त्याआधी काय होतं ते बघू. अमेरिकेत पोलीस हा स्थानिक विषय. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा शेरीफ वेगळा, राज्याचे पोलीस वेगळे. १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गुन्हेगारीचा अभ्यास करायला आयोग नेमला. निकोलस कॅटझेनबाख त्याचे अध्यक्ष होते. १९६७ मध्ये अहवाल आला. पोलीस, न्यायालयं आणि तुरुंग या तिघांकडे एक व्यवस्था म्हणून पाहा आणि त्यांना केंद्राकडून भरीव पैसा द्या, असा त्याचा रोख होता.

पैसा द्यायचा यावर फारसा वाद नव्हता. वाद होता, कुणाच्या हातून द्यायचा यावर. जॉन्सन यांच्या मनात होतं की शहरांनी थेट वॉशिंग्टनकडे अर्ज करावेत. पण काँग्रेसमधले रिपब्लिकन आणि दक्षिणेकडचे डेमोक्रॅट बिथरले. केंद्राचा ॲटर्नी जनरल गावोगावच्या पोलिसांच्या नाड्या हातात घेईल, उद्या राष्ट्रीय पोलीस दल उभं राहील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम काहिल यांनी दुरुस्ती मांडली: पैसा राज्यांना ठोक द्या, पुढचं वाटप राज्यं करतील. यालाच 'ब्लॉक ग्रँट' म्हणतात. महापौरांना हे अजिबात आवडलं नाही, कारण मोठ्या शहरांचं आणि राज्य सरकारांचं फारसं जमत नसे.

ते वर्षही कसं होतं पाहा. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली. ६ जूनला रॉबर्ट केनेडी गेले आणि त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाने विधेयक मंजूर केलं. १९ जूनला जॉन्सन यांनी सही केली. त्यांना हवी होती तशी योजना उरली नव्हती, तरी केली.

या कायद्याने वॉशिंग्टनमध्ये कायदा अंमलबजावणी सहाय्य प्रशासन, म्हणजे 'एलईएए', उभं राहिलं. प्रत्येक गव्हर्नरने एक राज्य नियोजन संस्था काढायची आणि तिने दरवर्षी सर्वंकष आराखडा करायचा, असं ठरलं. प्रत्यक्ष कामांसाठीच्या निधीपैकी ८५ टक्के राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि त्यातला किमान ७५ टक्के स्थानिक संस्थांकडे पुढे गेलाच पाहिजे. शिवाय एक अट: हा पैसा जुन्या खर्चात भर म्हणून वापरायचा, जुन्या खर्चाच्या जागी नाही.

मला सांगायचं आहे ते इथे. कायद्याने विश्लेषकाचं पद निर्माण केलं नाही, काम निर्माण केलं. समजा, एखादं शहर दोन पोलिसांचा पगार आधीपासून देत होतं. अनुदान मिळताच त्यांचा पगार त्यात टाकला आणि वाचलेला पैसा रस्त्यांकडे वळवला. कागद सगळे बरोबर, दोन पोलीसही खरे, पण सुरक्षेत भर काय पडली? शून्य. हे ओळखायला मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढून बसणारा कुणीतरी लागतो. तो हा माणूस.

सुरुवातीला अशी माणसं कमी आणि पैसा भराभर वाढलेला. १९६९ च्या आर्थिक वर्षात सुमारे ६ कोटी डॉलर, १९७५ मध्ये जवळजवळ ९० कोटी. नव्या कोऱ्या कचेऱ्यांना हा लोंढा झेपला नाही. दंगल नियंत्रणाची सामग्री, रेडिओ, गाड्या यांवर पैसा गेला. १९७२ मध्ये काँग्रेसच्या समितीने सल्लागारांच्या करारांवर आणि विमानखरेदीवर बोट ठेवलं. प्रत्येक घोटाळ्यानंतर एक नवा तक्ता वाढला. आजच्या विश्लेषकापुढे फॉर्मची जी चळत असते, तिच्यात ते सगळं जमा झालेलं आहे.

पण हे टेबल नुसतं हिशेबाचं राहिलं नाही. १९७४ मध्ये बालगुन्हेगारीविषयीचा कायदा झाला. घरातून पळणं, शाळा बुडवणं, म्हणजे मोठ्या माणसाने केलं तर गुन्हा ठरत नाही अशा गोष्टींसाठी मुलांना कोंडायचं नाही. आणि कोठडीत प्रौढ कैद्यांशी त्यांचा संपर्क येऊ द्यायचा नाही. १९८० मध्ये आणखी पुढचं पाऊल: मुलांना प्रौढांच्या तुरुंगातूनच बाहेर काढा. केंद्राने राज्यांवर सक्ती केली नाही. अनुदान हवं असेल तर हे पाळा, एवढंच म्हटलं. बहुतेक राज्यं सामील झाली. मग हे पाळलं जातं का, ते पाहणार कोण? राज्याच्या अनुदान कचेरीतलीच माणसं. ती काउंटीच्या तुरुंगात जाऊन नोंदवही उघडू लागली: जन्मतारीख काय, कशासाठी आणलं, किती तास ठेवलं. अनुदानाच्या एका अटीमुळे कुणाचं तरी सोळा वर्षांचं पोर प्रौढांच्या कोठडीतून बाहेर आलं, हे या नीरस कामाचं मोल.

१९८२ मध्ये एलईएए बंद पडलं. काही राज्यांनी आपल्या कचेऱ्या गुंडाळल्या, काहींनी टिकवल्या. पुढे पैसा परत आला तो बऱ्याच अंशी राज्यांच्याच वाटेने: १९८४ मध्ये पीडितांसाठीचा कायदा, १९८८ मध्ये बर्न यांच्या नावाचं अनुदान, १९९४ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा. वॉशिंग्टनमधल्या पाट्या बदलल्या, काहिल यांच्या दुरुस्तीने आखलेली वाट बुजली नाही.

यातला पीडितांचा निधी वेगळा आहे. तो करातून येत नाही, केंद्रीय गुन्ह्यांतल्या दंडातून जमतो. त्यातून वर्षाला किती काढायचं हे काँग्रेस ठरवते. २०१४ मध्ये ही मर्यादा ७४.५ कोटी डॉलर होती, २०१८ मध्ये सुमारे ४४३ कोटी झाली. मग मोठ्या कंपन्यांवर खटला चालवण्याऐवजी तडजोडी वाढल्या आणि ती रक्कम या निधीत न येता सरकारी तिजोरीत जाऊ लागली. २०२१ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी २०२४ ची मर्यादा सुमारे १३५ कोटींवर आली.

म्हणजे आश्रयगृहात रात्री दोनला फोन उचलणाऱ्या बाईचा पगार दूरच्या कुठल्यातरी कंपनीच्या दंडावर अवलंबून. आणि यंदा कमी मिळणार, हे तिच्या संस्थेला कळवण्याची वेळ येते विश्लेषकावर. त्यातच अनेक अनुदानं आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून परत घ्या, अशी असतात. मोठ्या पोलीस विभागाला ते जमतं. चार माणसांच्या संस्थेला तीन महिन्यांचे पगार आधी कुठून आणायचे? घोटाळा रोखणारा नियम इथे लहान संस्थेचा गळा आवळतो. अशा वेळी चांगला विश्लेषक फॉर्म परत पाठवण्याआधी फोन करतो, कुठला कागद राहिलाय ते सांगतो. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

पैसा किती मंजूर झाला, हे इतिहासाच्या पुस्तकांत मिळतं. तो कुणाच्या हातातून गेला आणि त्या हाताने काय विचारलं, हेही शोधायला हवं. १९६८ च्या भांडणाने हे टेबल राज्यात आणून ठेवलं. त्यावर बसलेल्या माणसाने तुरुंगाची नोंदवही उघडली की नाही, यावर पुढचं बरंच काही ठरलं.

इथेच थांबतो.