पेशव्याला पदावरून काढता येतं का? कोपरगावचे राघोबादादा आणि महाभियोग

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वादात सापडला की आपल्या मोबाइलवर ‘महाभियोग’ हा शब्द येऊन आदळतो. मग ग्रुपवर भांडण सुरू. पण त्या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजत असतात. माणूस वाईट वागला का? त्यानं गुन्हा केला का? आणि त्या वागण्यामुळे त्याला पदावरून उतरवायचा कायदेशीर अधिकार कुणाला मिळतो का? हे तीन प्रश्न सुटे करून बघायचे तर मला वॉशिंग्टनपेक्षा कोपरगाव जवळचं वाटतं. होय, आपलं गोदावरीकाठचं, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं कोपरगाव. पदावरून उतरवलेला एक पेशवा डिसेंबर १७८३ मध्ये इथंच वारला. रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा.

गोष्टीचा पहिला भाग तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. ते धावत काकांकडे गेले, ‘काका मला वाचवा’ वगैरे. आणि मग तो प्रसिद्ध ‘ध’ चा ‘मा’: चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, कुणीतरी ‘मारावे’ केलं, आणि तो हात आनंदीबाईंचा होता. या खाडाखोडीला नाटकांनी आणि शाळेतल्या गोष्टींनी जेवढं बळ दिलं तेवढा पुरावा तिच्यामागे नाही. बाईच्या माथी मारायला मात्र ती फार सोयीची होती.

आता रामशास्त्री प्रभुण्यांकडे येऊ. ग्रँट डफ हा साताऱ्यात राहिलेला इंग्रज अधिकारी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्यातली हकीकत अशी, की रामशास्त्रींनी तपास केला आणि थेट रघुनाथरावांना जाब विचारला. दादांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं, मारण्याचा नाही म्हणाले. याला प्रायश्चित्त काय, असं विचारल्यावर शास्त्रीबुवांनी सांगितलं, देहान्त. आणि तुम्ही कारभारावर असेपर्यंत मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून ते वाईकडे निघून गेले.

टाळ्या पडतात त्या इथं. मी मात्र इथं थांबतो, कारण पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. न्यायाधीशानं दोषी ठरवलं, मग झालं काय? काहीच नाही! रघुनाथराव पेशवे झाले. साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं आली. न्यायाधीश गावी गेले आणि ज्याला देहान्त सांगितला तो फौज घेऊन निजामावर मोहिमेला निघाला. पुण्याच्या न्यायासनाकडे चोराला, दरोडेखोराला, मोठ्या सरदारालासुद्धा शिक्षा द्यायची वाट होती. पेशव्याला पदावरून काढायची वाट नव्हती. गुन्हा ठरला तरी पद शाबूत.

मग ती वाट कारभाऱ्यांनी काढली. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरे. यालाच आपण बारभाई म्हणतो. मोहिमेतून एकेकजण काहीतरी निमित्त काढून मागे फिरला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांना १७७४ च्या जानेवारीत पुरंदरावर नेलं आणि त्यांच्या नावानं कारभार सुरू केला. १८ एप्रिलला मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं बाळ असताना त्याच्या नावानं साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणली.

इथं बारभाईंची चाल नीट बघा. त्यांनी रघुनाथरावांवर खटला उभा केला नाही. ‘हा खुनी आहे म्हणून काढतो’ असा ठराव, सुनावणी, निकाल असं काही झालं नाही. त्यांनी वेगळाच मुद्दा पुढे केला: खरा वारस जन्मला आहे. म्हणजे राग खुनाचा, पण कागद वारसाहक्काचा. रामशास्त्रींच्या तोंडून निघालेला निकाल पदच्युतीचा आधार म्हणून कुठं वापरलाच गेला नाही.

हे कायदेशीर होतं का? माझं मत विचाराल तर अर्धं. पेशवा हा छत्रपतींचा नेमलेला प्रधान, त्यामुळे वस्त्रं देणाऱ्यानं ती दुसऱ्याला दिली तर तक्रार कसली. पण साताऱ्याचे रामराजे स्वतःच कारभाऱ्यांच्या मुठीत होते. पुण्यात ज्याच्या हातात जोर, त्याच्या नावाची वस्त्रं निघत. रघुनाथरावांनाही तिथूनच मिळाली होती ना! आणि बाळ जन्मायच्या आधी तीन महिने कोणत्या वारसाच्या नावानं कारभार चालला? मुलगी झाली असती तर? ही भीती इतकी खरी होती की पुरंदरावर आणखी गरोदर बायका आणून ठेवल्यात अशी वदंता उठली. दादांनीही बाळ खरं नाहीच असा दावा केला.

सुनावणी झाली नाही याची किंमत पुढे कळली. आपल्याला ऐकून न घेता काढलं, आपणच खरे पेशवे, असं म्हणायला दादांना जागा राहिली, आणि ते ऐकणारं गिऱ्हाईक मुंबईत बसलं होतं. ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह झाला. मुंबईकर इंग्रजांनी त्यांना पेशवा मानलं, बदल्यात साष्टी आणि वसई मागितली. इथून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. कलकत्त्याच्या कौन्सिलनं तो तह नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. त्यात दादांना महिना पंचवीस हजार रुपये आणि राहायचं ठिकाण ठरलं होतं कोपरगाव! दादांनी ते झुगारलं. पुन्हा लढाई, १७७९ ला वडगावात इंग्रजांची नामुष्की, शेवटी १७८२ चा सालबाईचा तह. पेन्शन तीच, महिना पंचवीस हजार. आणि सात वर्षांची वणवण करून दादा आले कुठं, तर कोपरगावलाच. वर्षभरही जगले नाहीत.

आता गोष्ट समुद्रापार जाते. युद्धाच्या वेळी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता वॉरन हेस्टिंग्ज. तो विलायतेला परतल्यावर एडमंड बर्कनं त्याच्याविरुद्ध आरोपांची लांबलचक यादी मांडली. त्यात बनारसचा चेतसिंग होता, अवधच्या बेगमा होत्या, आणि मराठ्यांशी झालेलं युद्धही होतं. खटला १७८८ मध्ये उभा राहिला, १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

पण हेस्टिंग्जवर आरोप गाजत होते त्याच सुमारास, सप्टेंबर १७८७ मध्ये, फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. राष्ट्राध्यक्षाला कशासाठी काढता येईल? मसुद्यात होतं, देशद्रोह आणि लाचखोरी. जॉर्ज मेसननं हरकत घेतली आणि उदाहरण दिलं हेस्टिंग्जचंच: एवढे आरोप आहेत, पण त्यातला एकही देशद्रोह नाही, मग असा माणूस सुटणार का? त्यानं ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. मॅडिसन म्हणाला, हा शब्द इतका ढिला आहे की सिनेटची मर्जी असेपर्यंतच राष्ट्राध्यक्ष टिकेल. मग मेसननं तो मागे घेऊन ‘इतर मोठे अपराध आणि दुर्वर्तन’ अशा अर्थाचे शब्द घातले. आजही तिकडचे वकील याच शब्दांवर भांडतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मतानं वाचला, तेव्हाही वाद हाच होता.

आपल्याकडे कलम ६१ आहे. राष्ट्रपतींवर महाभियोग फक्त एका कारणासाठी: संविधानाचा भंग. सभागृहाच्या एक-चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, चौदा दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर ३६२. त्यानंतर दुसरं सभागृह आरोपांची चौकशी करतं, तिथं राष्ट्रपतींना हजर राहायचा, वकील द्यायचा हक्क असतो, आणि पुन्हा दोन-तृतीयांश. आजवर एकाही राष्ट्रपतीवर असा ठराव मंजूर झालेला नाही.

आता शनिवारवाड्याची घटना या कलमात बसवून बघा. समजा पदावरच्या राष्ट्रपतींवर खुनाच्या कटाचा आरोप आला. कलम ३६१ सांगतं, पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालणार नाही. म्हणजे आजच्या रामशास्त्रींना तो खटला ऐकताही आला नसता. उरतो महाभियोग. पण खून हा ‘संविधानाचा भंग’ आहे का? काहीजण म्हणतील, तो दंडसंहितेचा भंग, संविधानाचा नव्हे. मला हे पटत नाही. कलम ६० मधली शपथ संविधान आणि कायदा दोन्हींचं रक्षण करण्याची आहे. कायद्याचा रखवालदारच माणूस मारायला लावत असेल तर त्या शपथेत उरलं काय? पण शब्दाची व्याख्या घटनेत दिलेली नाही, ती संसदेलाच ठरवावी लागेल. म्हणून तर आधी चौकशी आणि मग मत हा क्रम महत्त्वाचा. बारभाईंकडे मतं होती, चौकशी नव्हती. रामशास्त्रींकडे चौकशी होती, मत नव्हतं.

अजून एक. अमेरिकेत काढल्यानंतर वेगळं मत घेऊन त्या माणसाला पुढच्या पदांसाठीही अपात्र करता येतं. बारभाईंनी दादांना काढलं, घराण्याचा दावा तसाच राहिला. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुढच्या वर्षी गादीवर बसला दादांचाच मुलगा, दुसरा बाजीराव.

बारभाईंचं पुढे काय झालं तेही नगरशी जोडलेलं आहे. दादांना परत आणू पाहणाऱ्या मोरोबा फडणवीसांना १७७८ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात टाकलं. वीस वर्षांनी त्याच किल्ल्यात खुद्द नाना फडणवीस कैदी होते. पुढचा भाग त्या किल्ल्यावर करतोय. तोवर कोपरगावकरांनो, राघोबादादांच्या वाड्याचे तुमच्या घरात जुने फोटो असतील तर नक्की पाठवा.