चिलखताचें ओझें

चिलखत म्हटलें कीं आपणांस प्रथम आठवतो तो प्रतापगडचा प्रसंग. १६५९ सालच्या नोव्हेंबरांत अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजीमहाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें आणि खानाचा वार त्यावरच अडला. पण हें यश कशामुळें मिळालें तें पाहिलें पाहिजे. शत्रु एक, अंतर हातभर, हत्यार कट्यार आणि भेट घटकाभराची! या प्रश्नाला चिलखत हें नेमकें उत्तर होतें. रणांगणावर प्रश्न इतका सोपा नसतो.

कड्यांचें चिलखत धारेचा वार अडवितें; पण गदेचा तडाखा त्यांतून हाडांपर्यंत पोंचतो आणि अणकुचीदार बाण कडी उघडून आंत शिरतो. म्हणून युरोपांत चौदाव्या शतकांत कड्यांवर पोलादी पत्रे चढूं लागले, आणि पंधराव्या शतकांत सरदार नखशिखान्त पोलादांत बंद झाला. या पोषाखाचें वजन २० ते २५ किलो असे. तें अंगभर वांटलेलें असल्यानें घालणारास घोड्यावर चढतां येई, धांवतांही येई. खरा दोष निराळाच होता. पाठीवरचें ओझें पाय सहज वाहून नेतात. पायांवरचें मात्र प्रत्येक पावलागणिक उचलावें लागतें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसून आलें कीं, अशा चिलखतांत चालणारास एरवींच्या सुमारें दुप्पट शक्ति खर्चावी लागते. शिवाय छाती आवळली गेल्यानें श्वासही उथळ होतो.

याचें प्रत्यंतर २५ ऑक्टोबर १४१५ रोजीं फ्रान्समध्यें, अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईंत आलें. रात्रभर पाऊस पडलेला, शेत नांगरलेलें. फ्रेंच सरदार पायीं चिखल तुडवीत इंग्रजांवर चालून गेले. बाणांच्या वर्षावामुळें तोंडावरील झांपड उघडण्याची सोय नव्हती. शत्रूपर्यंत ते पोंचले ते धापा टाकीतच. मागच्यांची रेटारेटी अशी कीं, हात उगारण्यास जागा नाहीं. पडला त्याला त्या गर्दींत उठणें कठीण. मग हलक्या कपड्यांतले इंग्रज तिरंदाज कुऱ्हाडी व मोगऱ्या घेऊन त्यांच्यावर तुटून पडले.

पुढें बंदुकीसाठीं पत्रा जाड झाला. कारागीर त्यावर गोळी झाडून दाखवीत आणि पडलेला खळगा हीच पारख ठरे. पण जाड पत्रा अंगभर कोण वाहणार? आधीं पाय उघडे पडले, मग हात. छाती तेवढी झांकलेली राहिली. १८१५ सालीं वॉटर्लू येथें लढलेल्या एका फ्रेंच स्वाराचें चिलखत पॅरिसच्या लष्करी संग्रहालयांत आहे. तोफेच्या गोळ्यानें छातींतून पाठीपर्यंत पाडलेलें वाटोळें भगदाड त्यांत स्पष्ट दिसतें.

१९१५ पासून फ्रेंच व इंग्रज सैनिकांना पोलादी टोप मिळूं लागले. ते रायफलीच्या गोळीसाठीं नव्हते, तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांसाठीं होते. १९६५ सालीं स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन विदुषीनें लावलेल्या शोधांतून केव्हलारचा तंतु निघाला. त्याचें कापड पिस्तुलाची गोळी अडवितें. रायफलीसाठीं मात्र चिनीमातीच्या जातीच्या कठीण फळ्या घालाव्या लागतात, आणि ओझें पुन्हां दहा किलोंच्या वर जातें. २००३ नंतर इराकमध्यें अशा फळ्यांनीं अनेक अमेरिकन सैनिकांचे प्राण वांचविले. पण रस्त्याकडेच्या स्फोटांनीं त्यांचे हातपाय नेले आणि मेंदूस इजा केली.

चिलखत कालच्या जखमेवरून बेतलेलें असतें, आणि तें अंगावर घालून सैनिक उद्यांच्या लढाईस जातो. म्हणून त्यांत आणखी एक पत्रा घालण्यापूर्वीं, तो घेऊन उन्हांत चालणारास एकदां विचारावें.