स्कॅनरशी बोलणारी लायब्ररी : 'ट्वेन'ची रीत आणि तिच्यातील खाचखळगे

सहकारी पतपेढी असो, वकिलाचे कार्यालय असो वा सरकारी कचेरीतील अभिलेख कक्ष, कागदांचे गठ्ठे संगणकात उतरवण्याचे काम आता सर्वत्र चालते. टेबलावर स्कॅनर असतो, शेजारी संगणक असतो आणि पडद्यावर 'स्कॅन' असे लिहिलेले एक बटण असते. ते दाबले की कागद आत ओढला जातो आणि काही क्षणांत त्याचे चित्र पडद्यावर उमटते. काम करणाऱ्या कारकुनाला यापलीकडे काही ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र ज्या प्रोग्रॅमरला ते बटण स्वतःच्या प्रणालीत बसवायचे असते, त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न असा उभा राहतो की बाजारात इतक्या कंपन्यांचे स्कॅनर असताना प्रत्येकाची भाषा शिकायची कशी?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही अडचण अगदी खरी होती. प्रत्येक स्कॅनर स्वतःचे कार्ड व स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येई आणि चित्रांवर काम करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला त्या प्रत्येकासाठी वेगळी तजवीज करावी लागे. यावर तोडगा म्हणून आल्डस, कॅरे, ईस्टमन कोडॅक, ह्यूलेट-पॅकार्ड आणि लॉजिटेक या कंपन्यांनी एकत्र येऊन १९९२ मध्ये 'ट्वेन' हे मानक प्रसिद्ध केले. या नावाचे मूळ मोठे गमतीचे आहे. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या 'द बॅलड ऑफ ईस्ट अँड वेस्ट' या कवितेत 'दोघे' अशा अर्थाचा हा जुना इंग्रजी शब्द येतो. स्कॅनर आणि संगणक या दोघांची गाठ घालणे त्या काळी किती जिकिरीचे होते, ते त्यातून सूचित व्हावे, अशी कल्पना होती. पुढे हे नाव सगळे मोठ्या लिपीत छापले जाऊ लागल्याने लोकांना ते एखाद्या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप वाटले. मग थट्टेने त्याचा विस्तारही रूढ झाला : 'टेक्नॉलॉजी विदाऊट अॅन इंटरेस्टिंग नेम', म्हणजे धड नावही नसलेले तंत्रज्ञान!

मध्यस्थाची भूमिका

ट्वेनच्या रचनेत तीन पात्रे आहेत. एक म्हणजे आपली प्रणाली. दुसरा 'सोर्स मॅनेजर', म्हणजे संगणकावर कोणकोणते स्कॅनर बसवलेले आहेत याची यादी बाळगणारा मध्यस्थ. तिसरा 'डेटा सोर्स', म्हणजे स्कॅनरच्या उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर. प्रणाली थेट स्कॅनरशी कधीच बोलत नाही. ती मध्यस्थाला निरोप देते आणि मध्यस्थ तो पुढे पोहोचवतो. विशेष म्हणजे हे सारे निरोप एकाच फंक्शनमधून जातात. प्रत्येक निरोपासोबत तीन गोष्टी सांगाव्या लागतात : तो नियंत्रणाचा आहे की चित्राचा, कोणत्या विषयासंबंधी आहे आणि नेमके काय करायचे आहे.

संभाषणाच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर काहीच सुरू झालेले नसते. दुसरीवर मध्यस्थ स्मृतीत येतो, तिसरीवर तो उघडला जातो आणि चौथीवर निवडलेला स्कॅनर उघडतो. पाचवीवर स्कॅनरला कामाला लावले जाते, सहावीवर चित्र तयार असल्याची सूचना येते आणि सातवीवर चित्राची प्रत्यक्ष देवाणघेवाण होते. काम संपल्यावर याच पायऱ्या उलट क्रमाने उतरायच्या असतात. एखादी पायरी गाळून उडी मारली, तर ड्रायव्हर 'क्रम चुकला' एवढेच सांगून हात वर करतो. आणि प्रणाली मध्येच कोलमडून पायऱ्या उतरायच्या राहिल्या, तर स्कॅनर अडकून पडण्याची व पुढच्या वेळी तो 'व्यस्त' दिसण्याची शक्यता असते. नवख्या प्रोग्रॅमरचे पहिले काही दिवस बहुधा याच शिडीवर जातात.

खरा मजकूर आहे तो चौथ्या पायरीवर. येथे प्रणाली आणि स्कॅनर यांच्यात वाटाघाटी होतात. स्कॅन किती डीपीआयने करायचे, रंगीत की कृष्णधवल, कागद काचेवरून घ्यायचा की फीडरमधून, एका बाजूचा की दोन्ही, अशा प्रत्येक गुणधर्माबद्दल प्रणाली आधी विचारू शकते आणि मग आपली मागणी नोंदवू शकते. 'वाटाघाटी' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. मागितलेले मूल्य स्कॅनरला जमणारे नसेल तर तो नेहमी नकारच देतो असे नाही. कित्येकदा तो जवळचे मूल्य स्वीकारून 'एकदा तपासून घ्या' असा सांकेतिक शेरा परत पाठवतो. हा शेरा वाचण्याचा आळस केला की ३०० डीपीआयचे समजून साठवलेले कागद प्रत्यक्षात २०० चे निघतात. ते कळते तेव्हा मूळ कागद गोदामात गेलेले असतात.

उत्पादकाची स्वतःची खिडकी दाखवायची की लपवायची, हेही प्रणाली ठरवू शकते. पण ड्रायव्हरला हे मान्य आहे का, ते विचारण्याची सोय मानकात आहे आणि ती वापरलीच पाहिजे. आणखी एक खाच विंडोजपुरती आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये 'चित्र तयार आहे' ही सूचना विंडोजच्या संदेशांच्या रांगेतून येते. प्रणालीने ती रांग ड्रायव्हरला दाखवली नाही, तर स्कॅनर तयार असूनही पडद्यावर काहीच घडत नाही आणि दोष मात्र केबलला दिला जातो. ट्वेनच्या दुसऱ्या आवृत्तीपासून थेट बोलावणे धाडण्याची सोय झाल्याने हा त्रास बराच कमी झाला.

स्मृतीचा हिशेब

चित्र हाती घेण्याचे प्रमुख मार्ग तीन. संपूर्ण चित्र एकदम स्मृतीत घेणे, ड्रायव्हरलाच फाइल लिहायला सांगणे किंवा चित्राच्या पट्ट्या एकामागून एक घेणे. पहिला मार्ग सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत लोकप्रिय आणि मोठ्या कामात सर्वांत धोक्याचा. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर चित्र २,४८० गुणिले ३,५०८ बिंदूंचे होते. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाला सुमारे २६ मेगाबाइट. ६०० डीपीआयला हाच आकडा चौपट होतो. ३२ बिटच्या विंडोज प्रणालीला वापरता येणारी जागा सर्वसाधारणपणे दोन गिगाबाइट असते. सारी पाने स्मृतीत धरून ठेवून शेवटी एकत्र पीडीएफ करण्याचा बेत असेल, तर फीडरमधील ऐंशीव्या पानाच्या आसपास प्रणाली धारातीर्थी पडणार, हे कागद-पेन्सिल घेऊनही सांगता येते. पान आले की लगेच ते संकुचित करून डिस्कवर उतरवणे आणि मगच पुढचे पान घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. छापील मजकुरासाठी कृष्णधवल पुरेसे असेल, तर तेच पान संकुचित करण्यापूर्वीही जेमतेम एक मेगाबाइटचे होते.

३२ आणि ६४ बिटचा तिढाही याच प्रकरणातला. ६४ बिटच्या प्रणालीला ३२ बिटचा ड्रायव्हर स्वतःत सामावून घेता येत नाही आणि अनेक जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर ३२ बिटचेच राहिले आहेत. त्यामुळे धडधाकट स्कॅनर यादीत दिसतच नाही. यावर रूढ उपाय म्हणजे ३२ बिटचा एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम वेगळा चालवून त्याच्यामार्फत स्कॅन करणे. 'नॅप्स-२' या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमागची लायब्ररी हीच युक्ती वापरते.

अन्य पर्याय

ट्वेन एकटे नाही. जलद स्कॅनरच्या जगात 'आयसिस' हा सशुल्क पर्याय १९९० पासून आहे. मायक्रोसॉफ्टने २००० च्या विंडोज एमईमध्ये आणि पाठोपाठ एक्सपीमध्ये 'डब्ल्यूआयए' ही स्वतःची व्यवस्था आणली. थोड्या ओळींत काम भागवायचे असेल तर ती सोयीची आहे. तिच्यातील स्कॅनर ट्वेनच्या प्रणालींनाही दिसावेत म्हणून विंडोजने एक दुवा ठेवला आहे. परिणामी एकच यंत्र यादीत दोनदा दिसते, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा नावाआधी 'डब्ल्यूआयए' लावून. दुसरे नाव निवडले तर उत्पादकाने दिलेल्या कित्येक खास सुविधा हाती लागत नाहीत. 'फीडर असून चालत नाही' अशा तक्रारीत सर्वप्रथम कोणते नाव निवडले आहे, तेच पाहावे.

लिनक्सवर 'सेन' आहे. तेथे ड्रायव्हर आणि खिडकी यांची पूर्ण फारकत केलेली असते. ड्रायव्हर आपले पर्याय फक्त जाहीर करतो आणि खिडकी कशी असावी, ते प्रणाली ठरवते. त्यामुळे दुसऱ्या खोलीतील संगणकाला जोडलेला स्कॅनरही नेटवर्कवरून वापरता येतो. नेटवर्कवरील अलीकडच्या यंत्रांत तर 'ई-एससीएल' नावाची आणखी सुटसुटीत रीत आहे. एखादे संकेतस्थळ उघडावे तसे स्कॅनरला त्याचे गुणधर्म विचारायचे, काम नोंदवायचे आणि पाने संपल्याचे उत्तर येईपर्यंत 'पुढचे पान' मागत राहायचे. येथे उत्पादकाचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

भारतातील बँकांमध्ये धनादेशांची प्रतिमा पाठवून ते वटवण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीत सुरू केली आणि २०१३ मध्ये ती मुंबईत आली. तीत प्रत्येक धनादेशाच्या तीन प्रतिमा लागतात : पुढील बाजूची १०० डीपीआयची राखी छटांची, पुढील बाजूचीच २०० डीपीआयची कृष्णधवल आणि मागील बाजूची तशीच. मूळ धनादेश जागचा हलत नाही, केवळ प्रतिमाच पुढे जाते. अशा ठिकाणी वाटाघाटीतील एक चूक म्हणजे परत आलेला धनादेश.

हरवलेले पान

अभिलेखांच्या कामात सर्वांत मोठे भय यंत्र बंद पडण्याचे नसते, ते न कळता सुटलेल्या पानाचे असते. दोन कागद चिकटून एकदम आत गेले तर एका पानाचे चित्र येतच नाही आणि कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही. चांगल्या स्कॅनरमध्ये ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक ही जोडी ओळखतो. ट्वेनच्या नव्या आवृत्त्यांत त्यासाठी स्वतंत्र गुणधर्म आहे, मात्र तो सुरू करण्याचे काम प्रणालीने करायचे असते. कोरी पाने आपोआप गाळण्याची सोय दिसायला मोहक आहे. परंतु फेरफाराच्या कागदामागे पेन्सिलीने लिहिलेली फिकट नोंद किंवा पुसट शिक्काही तिला कोराच वाटू शकतो. जुन्या अभिलेखांसाठी ती बंद ठेवणे इष्ट. मोडी लिपीतील जीर्ण कागद तर फीडरमध्ये घालूच नयेत. त्यांना काच किंवा वरून छायाचित्र घेणारे यंत्र हवे, वेळ कितीही लागो.

म्हणून जाणकार मंडळी प्रणालीत एक साधी चौकट ठेवतात. गठ्ठा ठेवण्यापूर्वी कारकुनाने हाताने मोजलेली पानांची संख्या तीत भरायची. दोन्ही बाजूंचे स्कॅन असेल तर तिची दुप्पट आणि आलेल्या प्रतिमांची संख्या जुळली पाहिजे. जुळली नाही तर गठ्ठा स्वीकारला जात नाही आणि मूळ कागदांची दोरी पुन्हा बांधली जात नाही.