गाळ्याचे मूल्य : भिवंडीच्या आधारे विवेचन

‘गाळा’ या संज्ञेने येथे इमारतीचा व्यापारास योग्य, स्वतंत्रपणे विकता वा भाड्याने देता येणारा भाग अभिप्रेत आहे. विक्रेता मागतो ती त्याची किंमत. त्यापासून पुढे मिळणाऱ्या निव्वळ भाड्याचे आजच्या रकमेतील रूप, ते मूल्य. वार्षिक निव्वळ भाडे ६ लाख आणि अपेक्षित परतावा शेकडा ८ धरल्यास मूल्य ७५ लाख येते. जोखीम वाढून परतावा शेकडा १० अपेक्षिला, तर ६० लाख. भिंती त्याच, छप्पर तेच, भाडेकरूही तोच. म्हणून मूल्याचे कारण वास्तूत नसून भाड्यात आणि त्या भाड्याच्या शाश्वतीत आहे.

भाडेकरू भाडे देतो ते त्या स्थानामुळे त्यास होणाऱ्या लाभातून. हा लाभ तीन प्रकारचा असतो : (१) भौगोलिक, म्हणजे बंदर, महामार्ग वा महानगर यांच्या सान्निध्यामुळे होणारा, (२) समूहजन्य, म्हणजे एकाच धंद्याचे कारागीर, व्यापारी, वाहतूकदार व हमाल एकत्र नांदल्यामुळे होणारा, (३) सीमाजन्य, म्हणजे कराची हद्द येथे संपते म्हणून होणारा. पहिला दीर्घकाळ टिकतो, दुसरा पिढ्यांनी घडतो आणि तिसरा एका अधिसूचनेने नष्ट होऊ शकतो. विक्रीच्या जाहिरातीत मात्र तिन्ही ‘मोक्याची जागा’ या दोन शब्दांत सामावलेले असतात.

भिवंडीत हे तिन्ही प्रकार एकावर एक रचलेले आढळतात. शहरातील जुना गाळा यंत्रमागाचा. त्याचे भाडे समूहजन्य होते : सूत, सायझिंग, विणकर आणि कापडाचा दलाल हाकेच्या अंतरावर. शहराबाहेर काल्हेर, पूर्णा, वळ, राहनाळ, माणकोली या गावांत उभी राहिलेली गोदामे वेगळ्या जातीची. मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती. हद्दीबाहेर माल साठवून मागणीप्रमाणे आत नेल्यास जकात तेवढ्याच मालावर पडे. त्यात केंद्रीय विक्रीकराची भर. परराज्यात थेट विक्री केल्यास तो लागे. स्वतःच्याच गोदामात माल हलविल्यास लागत नसे. त्यामुळे मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत गोदाम ठेवीत. या गावांतील भाड्याचा मोठा अंश असा करकायद्याने निर्माण केलेला होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि दोन्ही कारणे एकाच दिवशी संपली. वरील विभागणीप्रमाणे सीमाजन्य अंश गळून मूल्य घटावयास हवे होते. तो अंश गळालाही. परंतु राज्यवार विखुरलेला साठा थोड्या ठिकाणी एकवटणे आता सोयीचे झाले आणि मुंबईलगतच्या, नाशिक महामार्गावरील भिवंडीचा भौगोलिक लाभ वाढला. हा वाढावा सर्व गाळ्यांस सारखा मिळाला नाही. एकवटलेल्या साठ्यास उंच छप्पर, कंटेनर वळण्याइतके आवार, भार पेलणारी जमीन व अग्निशमनाची सोय लागते. बुटक्या, दाटीने बांधलेल्या गाळ्यांत यांपैकी काहीच नाही. ‘भिवंडीत भाव चढले की उतरले?’ हा प्रश्न म्हणूनच सदोष आहे. कोणत्या गाळ्याचा, हे आधी सांगावे लागते.

भाड्याच्या शाश्वतीचा प्रश्न उरतो. येथील बरीच गोदामे मुळात शेतजमिनीवर उभी राहिली, आणि त्यांपैकी अनेकांना बांधकाम परवानगी नाही. नोंदणीकृत खरेदीखताने विक्रेत्याकडे असलेला हक्क हस्तांतरित होतो. अनधिकृत बांधकाम त्यामुळे अधिकृत होत नाही. हा भेद खरेदीदार वारंवार विसरतो, दलाल क्वचितच आठवण करून देतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, आणि त्या बाजूच्या गाळ्यांच्या किमती आता या रस्त्याच्या नावाने सांगितल्या जातील. खरेदीदाराने सातबारा, अकृषिक परवानगी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र ही चार कागदपत्रे प्रथम मागावीत. शेकडा ८ चा भागाकार त्यानंतर.