रेषेबाहेरचा डोळा : मैदानी खेळांच्या छायाचित्रणाची दिल्लीतील वाटचाल

शाळांच्या जुन्या अल्बममध्ये खेळाचे छायाचित्र शोधू गेल्यास बहुधा खेळ सापडत नाही, खेळाडू सापडतात. मधोमध खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि खेळाचे शिक्षक, त्यांच्या पायांशी ढाल, मागे बाकावर उभे असलेले दोन रांगांतील विद्यार्थी, सर्वांचे हात छातीशी बांधलेले. सामना चार दिवसांपूर्वीच संपलेला असतो. गणवेश धुऊन इस्त्री केलेले असतात, गुडघ्यावरची खरचटही झाकलेली असते. खो-खोच्या खांबाजवळ घेतलेला सूर, कबड्डीच्या मध्यरेषेकडे झेपावलेला हात, बाद झालेल्या गड्याचा चेहरा यांतले काहीही त्या चित्रात नसते. हा दोष छायाचित्रकाराचा नव्हता. ज्या यंत्राने तो काम करीत होता, त्या यंत्राला धावणारा माणूस दिसतच नसे.

हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो. खो-खोतील चपळ खेळाडू सेकंदाला सुमारे सहा मीटर धावतो असे धरू. विसाव्या शतकाच्या मध्यास सामान्य घरांत पोचलेल्या पेटीवजा कॅमेऱ्याचे शटर साधारण १/३० सेकंद उघडे राही. तेवढ्या वेळात तो खेळाडू वीस सेंटिमीटर पुढे गेलेला असे, म्हणजे चेहऱ्याच्या जागी वीतभर लांबीचा धुरकट पट्टा उमटे. शटर १/५०० सेकंदाचे असेल, तर हीच सरक एका सेंटिमीटरहून किंचित अधिक भरते आणि चेहरा ओळखू येतो. मैदानी खेळांच्या छायाचित्रणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन अपूर्णांकांमधल्या अंतराचा इतिहास आहे.

वेगवान शटर जगात फार आधी आले होते. छोट्या फिल्मवर चालणाऱ्या लायका कॅमेऱ्याने १९३५ मध्ये १/१००० सेकंदाची मजल गाठली, आणि पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये असे हलके कॅमेरे घेऊन छायाचित्रकार मैदानाच्या कडेला वावरले. मराठी वाचकाला त्या बर्लिनची आठवण दुसऱ्या कारणासाठी असते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये तेथे हुतूतूसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मातीत खेळला जाणारा, साहित्याविना चालणारा हा खेळ जगातील सर्वांत आधुनिक कॅमेऱ्यांच्या गर्दीत उभा राहिला. पण ज्या गावांत तो रोज खेळला जात होता, तेथे त्याचे चित्र घेणारा मात्र कोणी नव्हता.

दिल्लीत मोठ्या खेळांचे रंगपीठ १९३३ मध्ये तयार झाले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभे राहिलेले आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर १९५१ मध्ये ‘नॅशनल स्टेडियम’ झाले आणि त्याच वर्षी ४ ते ११ मार्च या काळात तेथे पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. अकरा देशांचे खेळाडू आले. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवले; तो गोल साहू मेवालाल यांचा होता. याच स्पर्धांत कबड्डीचेही प्रात्यक्षिक झाले. फाळणीला चार वर्षेही उलटली नव्हती. विस्थापितांच्या छावण्या पाहिलेल्या शहरात हा उत्सव साजरा झाला, हे त्या काळच्या चित्रांकडे पाहताना विसरता येत नाही.

त्या काळच्या दिल्लीतील वृत्तछायाचित्रकारांमध्ये होमाई व्यारावाला यांचे नाव अग्रभागी येते. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या होमाईबाई १९४२ मध्ये दिल्लीत आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी राजधानीचे सार्वजनिक जीवन टिपले. अवजड स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स हे त्यांचे सोबती होते. रोलिफ्लेक्समध्ये मान खाली घालून काचेवर पाहावे लागे आणि त्या काचेत डावे ते उजवे दिसे. डावीकडे पळणारा गडी काचेत उजवीकडे जाताना दिसणार. त्याच्यामागे कॅमेरा फिरवायचा, तर हाताला उलटी सवय लावून घ्यावी लागे. म्हणूनच त्या कॅमेऱ्याच्या झाकणात खेळासाठी एक साधी चौकट दिलेली असे. ती उघडून सरळ समोर पाहायचे, काच विसरायची. नेमबाजाने दुर्बीण बाजूला ठेवून माशीवरून नेम धरावा, तसाच हा प्रकार.

शाळांच्या वाट्याला असे कॅमेरे क्वचितच आले. फाळणीनंतर काश्मीर आणि पंजाबातून आलेल्या छायाचित्रकारांनी दिल्लीत स्टुडिओ थाटले. कनॉट प्लेसमधील ‘महत्ता’ हे त्यांतले सर्वांत ख्यातनाम. पहाडगंज आणि करोल बागेत, जेथे सरकारी नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे वसली, तेथेही लहान स्टुडिओ होते. शाळा वर्षातून एकदा स्टुडिओवाल्याला बोलावी, तो तिपाई लावी, काळ्या कापडात डोके घाली आणि समूहचित्र काढून जाई. खेळ चालू असताना त्याला बोलावणे म्हणजे पैशांचा अपव्यय. एखाद्या पालकाकडे किंवा शिक्षकाकडे स्वतःचा कॅमेरा असला, तर तो बहुधा अ‍ॅग्फाचा क्लिक-३. भारतातच तयार होणारा, स्वस्त आणि दणकट, एका रोलवर चौरस बारा चित्रे देणारा. बाराच चित्रे! त्यांत बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांसाठी तीन-चार राखून ठेवायची, एक ढालीसाठी आणि एक मुख्याध्यापकांसाठी. सामन्याला उरत ती सहा-सात.

रोलही सहजी मिळत नसे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. पूर्व जर्मनीचा ‘ऑर्वो’ मिळेल तेव्हा घ्यायचा, एरवी चांदणी चौकातील कूचा चौधरीच्या दुकानांत खेपा घालायच्या. सरकारने १९६० मध्ये उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन केला; तेथील उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाची देशी फिल्म बाजारात आली. तिच्याविषयी जुन्या छायाचित्रकारांच्या तक्रारी पुष्कळ असत. तरीही आज ज्या शाळांकडे त्या दशकांतील मैदानी चित्रे आहेत, त्यांतील बरीच या फिल्मने शक्य केली, हे मान्य करावयास हवे.

इतक्या मर्यादांत ज्यांनी खरा खेळ टिपला, त्यांना यंत्रापेक्षा खेळाचे ज्ञान अधिक उपयोगी पडले. खो-खोचेच उदाहरण घेण्याजोगे आहे. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मध्ये ३० सेंटिमीटरची पट्टी, दोन टोकांना खांब, पट्टीवर आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आणि नववा पाठलागावर. नवखा माणूस मैदानाच्या लांब बाजूला उभा राहतो, कारण तेथून सगळे दिसते. परंतु तेथे खेळाडू कॅमेऱ्यासमोरून आडवा पळतो आणि मंद शटर त्याला पुसून टाकते. जाणता माणूस खांबामागे, रेषेपासून पुरेसा दूर, जमिनीला गुडघा टेकून बसतो. तेथे धावणारा कॅमेऱ्याच्या रोखाने येतो; वेग तोच, पण चित्रात त्याची सरक कितीतरी कमी. शिवाय पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली, की खो देईपर्यंत किंवा खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. म्हणजे तो कोठे पोचणार हे नियमानेच ठरलेले आहे. अंतर आधी खांबावर जुळवून ठेवायचे आणि वाट पाहायची. सूर मारलेला गडी क्षणभर हवेत तोलल्यासारखा दिसतो, तेव्हा कळ दाबायची. डोळ्याला तो क्षण दिसल्यावर दाबली, तर उशीर झालेला असतो.

कबड्डीत जागा वेगळी. चढाईपटू आत येतो तो तोंड प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेकडे करून. म्हणून त्या रेषेमागे बसलेल्याला त्याचा चेहरा मिळतो. मात्र पकड झाली, की सारे दृश्य उलटते. चार जणांच्या ओझ्याखाली दबलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि त्या वेळी खरा साक्षीदार ठरतो तो मध्यरेषेच्या टोकाला, पंचाजवळ बसलेला. फक्कीची रेषा आणि बोटांची टोके एका चित्रात त्यालाच दिसतात. हौशी सामन्यांत दृश्य मागे नेऊन पाहण्याची सोय नव्हती. रोल धुऊन येईपर्यंत आठवडा जाई, तोवर निकाल लागलेला आणि भांडणही मिटलेले. तरी असे एखादे चित्र वर्षानुवर्षे वादाला पुरते, हे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत बसलेल्यांना सांगावे लागू नये.

दिल्लीची हवा हा आणखी एक प्रतिस्पर्धी. शाळांच्या स्पर्धा हिवाळ्यात आणि हिवाळ्यात सकाळी धुके. ऊन वर येते तेव्हा ते तिरपे असते. खेळाडूंच्या सावल्या लांबच लांब पडतात, त्यांत धूळ मिसळते. या धुळीला दोष देणारे पुष्कळ, पण कृष्णधवल चित्रात पाठीमागून ऊन येत असता हीच धूळ खेळाडूभोवती प्रकाशाचे वलय उभे करते. सिमेंटच्या किंवा मॅटच्या मैदानावर ते कधीच दिसत नाही.

१९८२ च्या आशियाई स्पर्धांनी शहराचा चेहरा पालटला. नवी स्टेडियमे, रंगीत दूरदर्शन आणि पुन्हा एकदा प्रात्यक्षिकांच्या रूपाने कबड्डी व खो-खो. रंगीत छायाचित्रे घरोघर आली. आज हीच चित्रे सर्वाधिक संकटात आहेत. त्या काळच्या रंगीत कागदावरील रंग उडत जातात. निळाई आधी जाते आणि मैदान, आकाश, गणवेश सगळे तांबूस होते. चिकट पानांच्या अल्बमांनी तर हानीत भरच घातली. त्याउलट साठच्या दशकातील कृष्णधवल चित्रे, नीट धुतलेली असतील तर, आजही टवटवीत दिसतात.

जुन्या संग्रहांतील एक उणीव मात्र हवेची नाही आणि फिल्मचीही नाही. मुलींच्या सामन्यांची चित्रे फारच थोडी. अचला देवरे यांना १९७१ मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मुली खेळत नव्हत्या असे म्हणता येणार नाही. बारा चित्रांच्या रोलमध्ये त्यांची पाळी आली नाही, एवढेच. राखीव खेळाडू, गुणलेखक, मैदानावर पाणी शिंपडणारा शिपाई हेही असेच चौकटीबाहेर राहिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियंका इंगळे यांच्या संघाने नेपाळला ७८-४० आणि प्रतीक वाईकर यांच्या संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. त्या विजयांची असंख्य चित्रे क्षणात जगभर गेली. एकेकाळी ज्या खेळाला शाळेच्या रोलमध्ये जागा नव्हती, त्याचा हा प्रवास लहान नाही.

आता प्रत्येक पालकाच्या हातात सेकंदाला दहा-वीस चित्रे घेणारा फोन आहे. नवा प्रश्न वेगळा आहे : कोणाच्या मुलाचे चित्र कोणी, कोठे पाठवावे? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षिली आहे. स्टुडिओवाल्याच्या काळात हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आणि फोन बदलला, की हजारो चित्रे नाहीशी होतात. पत्र्याच्या डब्यातील निगेटिव्ह निदान डब्यात तरी राहत असे.

अनेक घरांत असे डबे आजही कपाटांच्या माथ्यावर आहेत. चित्र निघाले, तरी त्यातील दुसऱ्या रांगेतला तिसरा मुलगा कोण, हे सांगणारी पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. चित्रामागे मऊ पेन्सिलीने वर्ष, सामना आणि प्रत्येकाचे नाव डावीकडून उजवीकडे लिहायचे, बॉलपेनने नाही, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नाव आठवत नसेल तेथे जागा मोकळी सोडायची आणि मेळाव्यात चित्र हातोहात फिरवायचे. ‘हा तर आपला राखीव गडी’ असे कोणीतरी म्हणतेच.